चिनी कला शिकायची तर एका गुंडाळीपासून सुरुवात करा

तुमचा प्रश्न असा: चित्रकलेची पदवी झाली आहे, राहणं कोल्हापूरला, चिनी कलेचा इतिहास आणि तिथली दृश्यसंस्कृती, म्हणजे रोजच्या वापरातल्या चित्रं-वस्तूंसकट सगळं, नीट शिकायचं आहे. चिनी भाषा येत नाही, जवळपास या विषयाचं ग्रंथालय नाही आणि परदेशी पुस्तकांच्या किमती पाहून पोटात गोळा येतो. तर कोणती साधनं वापरावीत आणि कुठून सुरुवात करावी?

मी कलेतिहास शिकवते. चिनी चित्रांच्या नादी लागून मला पंचवीसहून जास्त वर्षं झाली. पूर्वी कोणी असं विचारलं की मी वहीचं पान फाडून पुस्तकांची यादी लिहून द्यायचे. आता देत नाही, कारण त्या यादीचं पुढे काय होतं ते मी पाहिलं आहे. मुलं शांग राजवटीच्या काशाच्या भांड्यांपासून सुरुवात करतात, हान काळातल्या थडग्यांपर्यंत कशीबशी येतात आणि थांगच्या अलीकडेच दमतात. राजवटींची नावं पाठ होतात, पण एकही चित्र ओळखीचं होत नाही. म्हणून माझं सांगणं असं की एक चित्र घ्या आणि सहा महिने ते सोडू नका. त्या चित्रासाठी जे साधन लागेल ते त्या त्या वेळी शोधा. असं शोधून मिळवलेलं साधन अंगवळणी पडतं.

कोणतं चित्र? माझ्या विद्यार्थ्यांना मी बहुतेक वेळा हुआंग गोंगवांगची (१२६९–१३५४) ‘फूछुन पर्वतातला निवास’ ही आडवी गुंडाळी देते. कागद आणि शाई, बाकी काही नाही. हुआंग ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना, १३४७ मध्ये, वूयोंग नावाच्या ताओपंथी सोबत्याबरोबर फूछुन नदीकाठच्या डोंगरात परतला आणि तिथे त्याने हे काढायला घेतलं. १३५० साली गुंडाळीच्या शेवटी त्याने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं आहे की तीन-चार वर्षं झाली, चित्र अजून पुरं झालेलं नाही. आता सामानात बरोबर घेतलं आहे, सवड मिळेल तसं काम करीन. त्याच मजकुरात आणखी एक गोष्ट आहे. वूयोंगला धास्ती होती की कोणीतरी ही गुंडाळी लबाडीने किंवा जबरदस्तीने घेऊन जाईल. म्हणून चित्र पुरं होण्याआधीच त्याने तिच्यावर आपल्या नावाने मजकूर लिहून घेतला. चित्रकाराचं वय, चित्राची जागा, लागलेला वेळ, मालक आणि मालकाची भीती एवढं सगळं चित्रावरच लिहिलेलं आहे. युरोपातल्या त्या काळच्या किती चित्रांबद्दल आपल्याला इतकं ठाऊक असतं?

आता ते कसं पाहायचं. गुंडाळी भिंतीवर टांगायची वस्तू नाही. ती मेजावर ठेवून उजवीकडून डावीकडे, एका वेळी साधारण हातभर उलगडायची, पाहून झालेला भाग उजव्या हाताने गुंडाळत जायचं. आपल्याकडे जुन्या घरांत लांबलचक गुंडाळीच्या जन्मपत्रिका असत, त्या उलगडताना जसं पुढचं दिसेपर्यंत मागचं गुंडाळलं जातं, तसं. म्हणजे प्रेक्षकाला पूर्ण चित्र एकदम कधीच दिसत नाही. नदी, मग एक डोंगर, मग झाडी, मग लांबवर रिकामा कागद. तो कागद म्हणजे पाणी. फूछुनचा मोठा तुकडा ३३ सेंटीमीटर उंच आणि जवळजवळ ६३७ सेंटीमीटर लांब आहे. पुस्तकाच्या दोन पानांवर तो छापला की डोंगर मुंगीएवढे होतात.

शिकवायला लागले तेव्हा माझ्याकडे अशा चित्रांच्या सुट्या स्लाइड्स होत्या. मी त्या डावीकडून उजवीकडे लावल्या, जशी आपण ओळ वाचतो तशा, आणि दोन वर्षं तसंच शिकवलं. चित्रातला प्रवास उलटा झाला. जिथे चित्रकाराने हळूहळू उंची वाढवत नेली होती तिथे माझ्या वर्गात ती उतरत गेली, आणि मी त्या उतरण्यावर व्याख्यान दिलं. ती मुलं आता कुठे कुठे शिकवत असतील, याची मला अजून टोचणी लागते. तुम्ही पडद्यावर पाहाल तेव्हा पहिली खात्री ही करा की सुरुवात उजव्या टोकापासून होते आहे आणि चित्र आरशातल्यासारखं उलटं छापलेलं नाही. हौशी लोकांनी चढवलेल्या प्रतिमांमध्ये हा घोळ सर्रास असतो. तपासायची सोपी युक्ती म्हणजे शिक्के आणि अक्षरं. ती उलटी असतील तर चित्र उलटं आहे.

तुम्ही चित्रकार आहात, हे तुमचं मोठं भांडवल आहे. डोंगराच्या अंगावरच्या लांब, किंचित वळणाऱ्या, एकमेकींत मिसळणाऱ्या रेघा पाहा. या पोत दाखवणाऱ्या रेघांना चिनीत ‘त्सुन’ म्हणतात आणि या विशिष्ट जातीला तागाचे पसरलेले धागे म्हणतात. शाईची कांडी मिळवा, ती सहाणेसारख्या दगडावर पाणी घालून उगाळा आणि एक डोंगर, फक्त एक, हातकागदावर उतरवा. कुंचला किती कोरडा आहे, ओल्या रेघेवर कोरडी रेघ कधी आली, फिकट शाई आधी की गडद, हे हाताला समजल्यावर पुस्तकातली वाक्यं वेगळी वाचली जातात. नक्कल करून शिकणं ही तिथली मान्य रीत आहे. पंधराव्या शतकात ही गुंडाळी शन चौ या चित्रकाराकडे होती, ती त्याच्या हातून गेली, तेव्हा त्याने १४८७ मध्ये नुसत्या आठवणीवरून ती पुन्हा काढली. ती प्रत आज बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे. मूळ आणि ती प्रत शेजारी ठेवून पाहा. शन चौला काय आठवलं आणि काय आठवलं नाही यावर एक अख्खा निबंध होईल.

पुढची कथा तर अभ्यासाची सगळी दारं उघडते. १५९६ मध्ये गुंडाळी तोंग छिछांग या प्रख्यात चित्रकार-समीक्षकाकडे आली, त्याच्याकडून वू घराण्याकडे गेली. १६५० मध्ये त्या घराण्यातल्या वू होंगयूने मरताना ती जाळायला सांगितली, म्हणजे ती त्याच्याबरोबर परलोकी यावी. त्याच्या पुतण्याने ती आगीतून ओढून काढली, पण तोवर तिचे दोन तुकडे झाले होते. सुरुवातीचा छोटा तुकडा, सुमारे ५१ सेंटीमीटरचा, आज हांगचौच्या चच्यांग प्रांतिक संग्रहालयात आहे. मोठा तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात. २०११ मध्ये दोन्ही तुकडे तैपेईत एका प्रदर्शनात शेजारी मांडले गेले.

मधल्या काळात अठराव्या शतकातला छियेनलोंग बादशहा आहे. त्याच्याकडे १७४५ मध्ये याच चित्राची एक नक्कल आली. त्याला ती अस्सल वाटली. वर्षभरात खरी गुंडाळीही दरबारात आली, पण बादशहाने आधीचा निकाल बदलला नाही. खरीवर ‘ही नक्कल आहे’ असा शेरा लिहवून घेतला आणि खोटीवर पुढची कित्येक वर्षं स्वतःच्या हाताने मजकूर लिहीत राहिला, पन्नासाहून जास्त वेळा. डोंगरावरचं आकाश अक्षरांनी भरून गेलं. त्याच्या चुकीमुळे खरी गुंडाळी स्वच्छ राहिली. दोन्ही आज तैपेईत आहेत आणि दोन्हींच्या प्रतिमा पाहायला मिळतात.

या एका कथेतून तुम्हाला कळेल की चिनी चित्राभोवतीचे शिक्के आणि मजकूर म्हणजे चित्राच्या प्रवासाचा दाखला. मोडी कागद वाचणारा माणूस आधी शिक्का आणि मोर्तब पाहतो, तसंच इथे. कोणाचा शिक्का कोणाच्या आधी, कोणता कागदाच्या दोन तुकड्यांच्या जोडावर, कोणता नंतर चिकटवलेल्या अस्तराच्या रेशमावर. जोडावरचा शिक्का मधोमध तुटलेला दिसला तर समजायचं की तो मारल्यानंतर कोणीतरी तुकडे वेगळे केलेत. या चित्रांना खळ लावून कागदाचं अस्तर चढवतात आणि शतकाभराने ते सोडवून नवं चढवतात. प्रत्येक वेळी कडा थोडी कापली जाते. तुम्ही पाहता ती वस्तू अनेकदा दुरुस्त झालेली आहे, हे विसरू नका.

आता प्रतिमा कुठे पाहायच्या ते सांगते. सगळ्यात आधी तैपेईच्या संग्रहालयाचं खुलं प्रतिमा-भांडार. मूळ बीजिंगच्या राजवाड्यातला हा संग्रह. १९२५ मध्ये राजवाड्याचं संग्रहालय झालं, १९३३ मध्ये जपानी आक्रमणाच्या भीतीने पेट्या भरभरून दक्षिणेला हलवल्या, वर्षानुवर्षं त्या देशभर फिरल्या आणि १९४८-४९ मध्ये त्यांतला निवडक भाग तैवानला गेला. म्हणून सुंग काळातली सर्वांत मोठी निसर्गचित्रं तैपेईत आहेत: फान ख्वानचं ‘डोंगर-झऱ्यांतले प्रवासी’, क्वो शीचं १०७२ मधलं ‘वसंताची चाहूल’. फान ख्वानचं चित्र दोन मीटरहून उंच आहे. त्याच्या तळाशी उजवीकडे, खेचरांच्या तांड्यामागच्या झाडांच्या पानांत चित्रकाराची सही लपलेली आहे. ती १९५८ मध्ये संग्रहालयातल्या ली लिनत्सान यांना दिसली, चित्र काढल्यावर साडेनऊशे वर्षांनी. पडद्यावर तो कोपरा मोठा करून स्वतः शोधा. मी मुलांना ती कुठे आहे ते दाखवत नाही, दोन दिवस देते.

बीजिंगच्या संग्रहालयाचंही डिजिटल भांडार आहे आणि चांग त्सदुआनची ‘छिंगमिंगच्या वेळी नदीकाठाने’ ही बाराव्या शतकातली गुंडाळी तिथलीच. चांगली सव्वापाच मीटर लांब, पूल, होड्या, खानावळी, उंटांचा तांडा. दृश्यसंस्कृतीत रस असेल तर हिच्यावर वर्षभर काढता येईल. बीजिंगचं संकेतस्थळ बहुतेक चिनीत आहे, पण घाबरू नका, त्याबद्दल पुढे लिहिते. इंग्रजीत काम करायचं तर न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन, क्लीव्हलंडचं कला संग्रहालय आणि वॉशिंग्टनचं फ्रीअर ही तीन दालनं उघडी आहेत. मेट्रोपॉलिटनने २०१७ मध्ये ३,७५,००० प्रतिमा कोणतीही अट न घालता खुल्या केल्या, आणि त्यांची विक्रीतून गेलेली कितीतरी जुनी प्रदर्शन-पुस्तकंही पूर्ण, फुकट वाचायला ठेवली आहेत. तुमच्या पुस्तकांच्या खर्चाचा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. शिकागो विद्यापीठाने तर गुंडाळ्या उजवीकडून डावीकडे सरकवत पाहता येतील असा खास संग्रह केला आहे. गुंडाळी ‘चालते’ कशी हे कळायला मी पहिला तास तिथेच घेते.

लिलावगृहांच्या सूचीतही उत्तम छायाचित्रं असतात. पाहा जरूर, पण तिथे चित्रकाराचं नाव विकणाऱ्याने घातलेलं असतं हे डोक्यात ठेवून.

भाषेचं ओझं तुम्हाला वाटतं त्याहून कमी करता येतं, आणि त्यात मराठी कामाला येते. चिनी उच्चार रोमन लिपीत लिहायची आजची सरकारी पद्धत इंग्रजी वाचणाऱ्याला गोंधळात टाकते, कारण तिथे बी, डी, जी ही अक्षरं आपल्या प, त, क यांच्या जवळची आहेत आणि पी, टी, के ही हकारयुक्त, म्हणजे आपल्या थ, ख यांसारखी. इंग्रजांना हा फरक कानाला लवकर कळत नाही. आपण ताट आणि थाट यांत जन्मापासून फरक करतो. त्याहून गंमत वाटावी अशी गोष्ट म्हणजे आपल्या ‘चमचा’तला च. चिनीत रोमन झेड लिहितात तो जवळजवळ हाच उच्चार आहे. इंग्रजी किंवा हिंदी भाषकाला तो शिकावा लागतो, आपल्याला नाही. क्यू दिसला की छ म्हणा, एक्स दिसला की श. मग ‘क्विंग’ राजवट कोणी म्हणणार नाही, छिंग म्हणेल. जुन्या इंग्रजी पुस्तकांत वेगळी, स्वल्पविरामासारख्या खुणा असलेली पद्धत असते, त्यामुळे एकच चित्रकार दोन नावांनी भेटतो. दोन्ही नावं वहीत समोरासमोर लिहून ठेवा.

आणि काही अक्षरं शिकाच. बोलता येण्याची गरज नाही. राजवटींची नावं, आकडे, डोंगर, पाणी, चित्र, गुंडाळी, शिक्का, साल, ‘याने काढलं’, अशी शंभर-दोनशे चिन्हं ओळखता आली की चित्राखालची पाटी वाचता येते. ‘शान’ म्हणजे डोंगर, ‘श्वे’ म्हणजे पाणी, दोन्ही मिळून ‘शानश्वे’ म्हणजे निसर्गचित्र. चित्राचं चिनी नाव मूळ अक्षरांत शोधखिडकीत डकवलं की इंग्रजीत जिथे पाच प्रतिमा मिळत होत्या तिथे पन्नास मिळतात. बीजिंगचं भांडारही मग परकं राहत नाही. एक सावधगिरी: चीनमध्ये सोपी केलेली अक्षरं चालतात, तैवानमध्ये पारंपरिक. चित्रावर नेहमी पारंपरिकच असतात, म्हणून तीही ओळखीची ठेवा. फोनवर प्लेको नावाचा शब्दकोश आहे, बोटाने अक्षर काढून शोधता येतं. शिक्क्यांवरची लिपी मात्र फार प्राचीन वळणाची असते आणि तिथे फोनचा कॅमेरा चकतो.

महाराष्ट्रात चिनी वाचायची परंपरा अगदीच नाही असं समजू नका. पुण्यात पु. वि. बापट यांनी पाली आणि चिनी बौद्ध ग्रंथ शेजारी ठेवून आयुष्यभर काम केलं. ‘समंतपासादिका’ या पाली टीकाग्रंथाच्या चिनी रूपांतराचा त्यांनी आकिरा हिराकावा यांच्यासह केलेला इंग्रजी अनुवाद भांडारकर संस्थेने १९७० मध्ये छापला. शांतिनिकेतनात १९३७ पासून चीना भवन हे चिनी अभ्यासाचं केंद्र आहे. शू पेइहोंग हा आधुनिक चित्रकार १९३९-४० मध्ये तिथे राहिला होता, रवींद्रनाथांची चित्रं त्याने तिथेच काढली.

पुस्तकं विचारलीत म्हणून तीनच नावं. क्रेग क्लुनास यांचं ‘आर्ट इन चायना’ राजवटींच्या क्रमाने जात नाही. थडगं, दरबार, मंदिर, उच्चवर्गाचं घर, बाजार अशा जागांनुसार ते विभागलेलं आहे, म्हणजे वस्तू कोणाच्या हातात होती हा प्रश्न आधी. तुम्हाला दृश्यसंस्कृती हवी आहे, तर सुरुवात याच पुस्तकाने. दुसरं, लोथार लेडरोज यांचं ‘टेन थाउजंड थिंग्ज’. ठरावीक सुटे भाग जोडून असंख्य वस्तू घडवायची चिनी रीत त्यांनी अक्षरांपासून मातीच्या सैनिकांपर्यंत आणि चिनीमातीपर्यंत दाखवली आहे. हाताने काम करणाऱ्याला ते लगेच पटतं. तिसरं, सुझन बुश आणि शी शिओयेन यांनी अनुवादलेल्या जुन्या चित्रविषयक ग्रंथांचे उतारे. चिनी लोक स्वतःच्या चित्रांबद्दल काय म्हणत होते ते त्यांच्याच शब्दांत वाचायला मिळतं. आणि वाचायचा कंटाळा आला की जेम्स केहिल यांची व्याख्यानं पाहा. बर्कलीच्या या प्राध्यापकांनी उतारवयात, २०१४ मध्ये जाण्यापूर्वी, सुरुवातीच्या चिनी निसर्गचित्रांवर तासन्‌तास चालणारी व्याख्यानमाला ध्वनिचित्रित करून सगळ्यांसाठी फुकट ठेवली. शेकडो चित्रं, एकेक कोपरा मोठा करून. मला वाटतं एवढी उदार भेट या विषयात दुसऱ्या कोणी दिलेली नाही.

जुन्या ग्रंथांचा विषय निघालाच आहे तर एका मोहापासून सावध करते. सहाव्या शतकाच्या आसपास शिए ह या चिनी समीक्षकाने चित्राची सहा तत्त्वं सांगितली. आपल्याकडे कामसूत्रावरच्या यशोधराच्या टीकेत चित्राची षडंगं आहेत. सहा आणि सहा, म्हणून मुलं लगेच एकाखाली एक लिहून बाण काढतात. यशोधराची टीका कितीतरी शतकांनंतरची आहे, आणि शिए हच्या पहिल्या तत्त्वातला ‘छी’, म्हणजे श्वास, चैतन्य, प्राण, यांपैकी काहीही आणि सगळंच, आपल्या रूपभेद-प्रमाणांच्या चौकटीत बसत नाही. तुलना करा, पण दोन्ही मूळ वाक्यं समोर ठेवून.

भारत आणि चीन यांच्यामधली खरी वाट पाहायची तर दुनहुआंगला जा. गोबीच्या काठावरच्या मोगाओ लेण्यांचं काम ३६६ साली सुरू झालं असं परंपरा सांगते. भित्तिचित्रं आणि मूर्ती असलेली ४९२ लेणी आज आहेत. ‘डिजिटल दुनहुआंग’ या संकेतस्थळावर २०१६ पासून तीस लेणी घरबसल्या आतून फिरून पाहता येतात. २५४ क्रमांकाच्या लेण्यात शिबी राजा कबुतरासाठी आपलं मांस देतो आहे. तीच कथा अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात आहे. तुम्ही अजिंठा पाहिलं असेलच. नसेल तर आधी ते पाहा. दोन्हीकडे भिंतीवर माती आणि वनस्पतींच्या तंतूंचा गिलावा, त्यावर पातळ लेप आणि कोरड्यावर रंग. दुनहुआंगला अंगकांतीतले शिसाचे रंग काळवंडल्यामुळे माणसं आज सावळ्या ठिपक्यांसारखी दिसतात, मूळची तशी नव्हती. शरीराला गोलाई देणारी छटा मात्र थेट आपली. चिनी ग्रंथ तिला थिएनचूची, म्हणजे भारताची, पद्धत म्हणतात आणि सांगतात की सहाव्या शतकात चांग सेंगयौने नानजिंगच्या एका मंदिरावर त्या पद्धतीची फुलं काढली, ती दुरून उंच-सखल आणि जवळून सपाट दिसत, म्हणून लोक त्याला उंच-सखल मंदिर म्हणू लागले. या एका ओळीसाठी मी वर्गात पूर्ण तास देते.

दुनहुआंग इतकं का महत्त्वाचं? ८४५ साली थांग बादशहाने बौद्ध मंदिरांवर घाला घातला, राजधानीतली भित्तिचित्रं गेली. दोनच वर्षांनी चांग यानयुआनने चित्रकारांचा मोठा इतिहास पुरा केला आणि त्यात त्या मंदिरांच्या भिंतींवर काय होतं त्याची नोंद ठेवली. दुनहुआंग तेव्हा तिबेटी अंमलाखाली होतं, म्हणून वाचलं. ग्रंथात नावं आहेत, भिंती नाहीत. दुनहुआंगला भिंती आहेत, नावं जवळजवळ नाहीत. अभ्यास या दोन्हींच्या मधल्या फटीत होतो.

तिथल्या बंद कोठडीतल्या पोथ्या आणि रेशमी चित्रं १९०० मध्ये सापडली, १९०७ मध्ये ऑरेल स्टाइन या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाने रखवालदार वांग युआनलूला थोडे पैसे देऊन पेट्याच्या पेट्या नेल्या. चीनमध्ये याला लूट म्हणतात आणि मलाही दुसरा शब्द सुचत नाही. त्या मोहिमेच्या खर्चाचे पाचापैकी तीन हिस्से भारत सरकारचे होते, म्हणून त्या चित्रांचा मोठा वाटा दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. थांग काळातली रेशमी चित्रं पाहायला तुम्हाला पासपोर्ट लागत नाही. जाण्याआधी संग्रहालयाला लिहून दालन उघडं आहे का ते विचारा. उरलेलं आंतरराष्ट्रीय दुनहुआंग प्रकल्पाच्या संकेतस्थळावर, तो ब्रिटिश लायब्ररीने १९९४ मध्ये सुरू केला. छापील तारीख असलेला जगातला सर्वांत जुना ग्रंथ, ८६८ सालचं ‘वज्रसूत्र’, तिथे पानापानाने दिसतं.

चांग ताछिएन (१८९९–१९८३) हा चित्रकार याच वाटेने उलटा आला. १९४१ ते ४३ त्याने दुनहुआंगच्या भिंतींच्या नकला केल्या आणि १९५० मध्ये भारतात येऊन अजिंठ्याचा अभ्यास केला, दोन्हीकडचं स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहायला. तोच माणूस जुन्या चित्रांच्या बनावट प्रती करण्यातही अजोड होता. मेट्रोपॉलिटनमधलं ‘नदीकाठ’ हे चित्र दहाव्या शतकातल्या तोंग युआनचं की चांग ताछिएननेच बनवलेलं, यावर १९९९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तज्ज्ञांची खडाजंगी झाली. केहिल बनावट म्हणणाऱ्या बाजूला होते. दोन्ही बाजूंची मतं वाचा आणि तुमचं मत शिक्के, रेशीम, झाडांच्या फांद्या पाहून ठरवा. मी अजून ठरवते आहे.

चित्रांइतकीच वस्तूंशी दोस्ती करा, कारण वस्तू मुंबईत आहेत. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातून आलेली चिनी भांडी आणि जेड आहे. तिथे एक दिवस फक्त बुडं पाहण्यात घालवा, जिथे आरशातून किंवा उलटून ठेवलेली दिसतील तिथे. बुडाच्या कड्यावर चकाकी नसते, तिथे उघडी माती दिसते: तिचा रंग, पोत, चिकटलेली वाळू. बुडावरची निळी सहा अक्षरं भांडं कोणत्या बादशहाच्या काळातलं ते सांगतात, पण त्यावर विसंबू नका. खांगशी बादशहाच्या काळातल्या कुंभारांनी दोनशे वर्षांपूर्वीच्या छंगह्वा बादशहाची मुद्रा मोठ्या आदराने लिहिली आहे.

चिनीमातीच्या अभ्यासाचा मोठा टप्पा मुंबईत जन्मलेल्या माणसाच्या नावाने ओळखला जातो. पर्सिव्हल डेव्हिड, जन्म १८९२, मुंबईच्या ससून डेव्हिड घराण्यातला. त्याने जमवलेली सुमारे १,७०० भांडी २००९ पासून लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये एका दालनात आहेत. त्यातल्या दोन उंच निळ्या-पांढऱ्या कलशांच्या मानेवर लिहिलं आहे की चांग वनचिन नावाच्या भक्ताने ते घरच्यांच्या सुखासाठी मंदिराला अर्पण केले, साल १३५१. हुआंग गोंगवांगने फूछुनवर मजकूर लिहिला त्याच्या पुढच्याच वर्षी. या दोन कलशांच्या आधारेच १९५० च्या दशकात जॉन पोप या अमेरिकन अभ्यासकाने इस्तंबूलच्या राजवाड्यातली चौदाव्या शतकातली भांडी ओळखून काढली. तोवर युआन काळात एवढी उत्तम निळी भांडी होत असतील हे बहुतेकांना पटत नव्हतं. तुमच्या गुंडाळीशेजारी हे कलश ठेवा. एक मित्रासाठी शाईत, दुसरं देवासाठी कोबाल्टमध्ये, आणि दोन्हीकडे आपण हे का केलं ते लिहून ठेवलेलं.

आधुनिक दृश्यसंस्कृतीबद्दल थोडक्यात सांगते, कारण तो माझा मुख्य विषय नाही. अॅमस्टरडॅमच्या सामाजिक इतिहास संस्थेशी जोडलेलं स्टेफान लांड्सबर्गर यांचं चिनी पोस्टरांचं संकेतस्थळ विषयवार लावलेलं आहे आणि टिपणं भरवशाची आहेत. हाँगकाँगचं एशिया आर्ट आर्काइव्ह समकालीन कलेसाठी. कँटनच्या व्यापारावर एमआयटीचा ‘व्हिज्युअलायझिंग कल्चर्स’ हा संग्रह पाहा. पारशी गारा साडीवरचं भरतकाम कुठून आलं ते त्यातून उलगडायला लागेल. आणि एक छोटा अभ्यास खास तुमच्यासाठी: सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवर चीनने १९८२ मध्ये दोन टपाल तिकिटं काढली. ती मिळवा आणि त्याच काळातल्या चिनी पोस्टरांशेजारी ठेवून पाहा, आपला माणूस त्यांच्या चित्रभाषेत कसा रंगवला आहे.

पहिल्या महिन्यात यातलं काहीच करू नका. फूछुनचा छोटा तुकडा आणि मोठा तुकडा उतरवून घ्या, उजवीकडून सुरुवात करा, दर दिवशी हातभर. माणसं मोजा, होड्या मोजा, पूल मोजा. शाई जिथे सर्वांत कोरडी आहे ती जागा वहीत लिहून ठेवा आणि आकडे मला कळवा. मग दुसऱ्या महिन्याचं बोलू.